मळ्यातल्या घरामागे अस्वल येतंय, आबा तारेत करंट सोडायचं म्हणतात, काय करू?

बांधावरची_केळी

मंडळी, जरा लवकर कोणीतरी सांगा. आमचं घर यावल तालुक्यात, गावात नाही, मळ्यातच. पुढे केळीचा बाग, मागे गोठा, गोठ्यामागे नाला आणि नाल्यापलीकडून सातपुड्याचा चढ सुरू. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात माय पहाटे शेणाचं टोपलं घेऊन गोठ्यामागे गेली तर बांधावर काळं धूड, तिला वाटलं शेजारच्यांची म्हैस सुटली, हाकलायला म्हणून पाच-सहा पावलं पुढे गेली आणि ते वळलं तर अस्वल. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला म्हणते. नशीब ते नाल्यात उतरून गेलं. माय टोपलं तिथेच टाकून आली, दोन दिवस तिच्या गळ्याखाली घास उतरला नाही.

त्यानंतर तीनदा येऊन गेलं. आज उजेडी मी बघून आलो. बांधावरचं वारूळ फोडलंय, भोकात माझा हात कोपरापर्यंत गेला, कडेला दाताळं फिरवल्यासारखे चरे. बोरीखाली विष्ठा, नुसत्या बोराच्या बिया. पाऊल उमटलंय ते अगदी माणसाच्या अनवाणी पायासारखं.

माझा पोरगा आठ वर्षांचा, सकाळी सात वाजता त्याच नाल्यातून शाळेत जातो. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, त्यामुळे आबा बारा वाजता एकटे मोटर चालू करायला विहिरीवर जातात. आता आबा आणि काका म्हणतात बागेच्या तारेत करंट सोडू, एकदा झटका बसला की परत येणार नाही. मला ते पटत नाही पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. पकडून नेतात का वनखात्यावाले?

जुना_वनरक्षक

भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी आबांना तारेपासून लांब ठेवा. मी सातपुड्यात 32 वर्षं वनरक्षक होतो. डुकरासाठी सोडलेल्या करंटात माणसं गेलेली मी स्वतः उचललीत, त्यात एकदा तार लावणाऱ्याचाच भाऊ होता, रात्री पाणी द्यायला आलेला. घरात आठ वर्षांचं पोर, गोठ्यात जनावरं, केळीला ठिबक म्हणून ओली जमीन, आणि तुम्ही थेट लाईनचा करंट सोडणार? शिवाय अस्वल 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, मेलं तर किमान तीन वर्षं आत. झटका मशीन वेगळं, बॅटरीवर चालतं, क्षणभरच झटका देतं, ते चालतं. पण नुसती तार बोर्डात खुपसायची नाही म्हणजे नाही.

आता अस्वलाचं. ते तुमच्या पोरासाठी येत नाही, बकरीसाठीपण येत नाही. त्याला वाळवी पाहिजे, बोरं पाहिजेत, आता मोहाची फुलं पडायला लागली की ती पाहिजेत. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतातच, त्या फटीतून ते आधी माती फुंकतं आणि मग वाळवी ओढून घेतं. फुर्रर्र फुर्रर्र असा आवाज येतो, शांत रात्री शंभर-दीडशे मीटरवरून ऐकू येतो. हा आवाज घरातल्या सगळ्यांनी ओळखायला शिका, तो आला की तिकडे जायचं नाही, बस.

त्याला नीट दिसत नाही, ऐकायलाही बेताचंच येतं, नाक मात्र फार तेज. खाण्यात डोकं घातलं की माणूस पार अंगावर येईपर्यंत कळत नाही, आणि मग दचकून हल्ला करतं. माझ्या नोकरीत मी पाहिलेले जवळपास सगळे हल्ले असेच, माणूस गुपचूप गेला आणि अचानक समोर आला. म्हणून आपण यायच्या आधी आपला आवाज गेला पाहिजे. आबांना म्हणावं रात्री मोबाईलवर भजन मोठ्याने लावा, काठी आपटत जा, चांगली बॅटरी घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवा, रात्री जाणंच बंद.

पकडून न्यायचं म्हणाल तर त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि एक नेलं तरी जागा तीच, वारूळ तेच, दुसरं येतं. वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन करून नोंद मात्र आजच करा, पुढे काही झालं तर पंचनाम्याला ती कामाला येते.

खिर्डीचा_भाऊ

एवढं काय भो, दोन चांगली कुत्री पाळ आणि रोज संध्याकाळी चार सुतळी बॉम्ब फोड, आमच्याकडे डुकरं अशीच पळतात.

मोहाची_पोर

खिर्डीच्या दादा, कुत्र्यांचं कृपा करून सांगू नका कुणाला. माझ्या आत्यावर हल्ला झाला तो कुत्र्यामुळेच.

मी नंदुरबारकडच्या अक्राणीची. आमच्याकडे मोह पडायला लागला की पहाटे चारला घर रिकामं होतं, उशीर केला तर गुरं नाहीतर शेजारी वेचून नेतात. त्या दिवशी आत्या, मी आणि आमचा कुत्रा. आत्या पुढच्या झाडाखाली, मी मागच्या, अंतर असेल चाळीस पावलं. कुत्रा झुडपात घुसून भुंकायला लागला, आणि मग तो शेपूट घालून सरळ आत्याकडे पळत आला आणि त्याच्यामागे अस्वल. पाठीवर पिल्लू होतं तिच्या, केसांना घट्ट धरून बसलेलं, ते मला आजही दिसतं. कुत्रा आत्याच्या मागून निघून गेला, आत्या तिथेच. सगळं मिळून अर्धा मिनिट पण नसेल. आत्याने टोपली तोंडापुढे धरली म्हणून डोळा वाचला, टोपलीचे बांबू मोडून नखं डोक्याला लागली. कातडी कपाळापासून मागे गेली होती. मी माझं लुगडं फाडून घट्ट बांधलं आणि ओरडत राहिले.

म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, अंगावर आलंच तर पळायचं नाही, ते माणसापेक्षा जोरात पळतं, झाडावर चढायचं नाही, ते चढतं. पालथं पडायचं, तोंड जमिनीला, दोन्ही हात मानेवर घट्ट, आणि ते गेलं असं वाटलं तरी लगेच उठायचं नाही. ते आधी तोंड आणि डोकंच धरतं. दुसरं, दवाखान्यात टाके घालून मोकळं होऊ नका, अस्वलाच्या जखमेलापण कुत्रं चावल्यासारखीच रेबीजची सुई लागते आणि धनुर्वाताची पण. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी एका नर्सबाईंनी विचारलं तेव्हा कळलं.

आत्या आता बरी आहे. आता आम्ही सात-आठ जणी मिळून जातो, उजाडल्यावर जातो, आणि जाताना गाणी म्हणतो. मोह कमी मिळतो, मिळू दे.

पाटणादेवी_रोड

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्या चाळीसगावकडे गौताळ्याच्या बाजूला पण अस्वलं आहेत, आणि इथे म्हातारी माणसं अजून सांगतात की उताराकडे पळा, त्याचे केस डोळ्यावर येतात मग दिसत नाही. असं काही नसतं, ते उतारावर पण तसंच पळतं. लहानपणी दरवेशी दारात अस्वल घेऊन यायचा आणि आजी त्याचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायची, म्हणजे भीती जाते म्हणे. त्या अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली असायची, दात काढलेले असायचे. आमच्या पिढीने अस्वल पाहिलं ते तसलं, त्यामुळे जंगलातलं कसं वागतं ते कुणालाच माहीत नाही.

केळीवाले भाऊ, पोराचा रस्ता बदलता येतो का? नाल्याच्या दोन्ही बाजूची झुडपं साफ केली तरी खूप फरक पडेल, लांबून दिसलं पाहिजे, त्याला आपण आणि आपल्याला ते.

बांधावरची_केळी

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. आत्याचं वाचून दाखवलं तेव्हा आबा काही बोलले नाहीत, संध्याकाळी बघतो तर आणलेली तार गुंडाळून माळ्यावर टाकलेली. 1926 ला फोन केला, नोंद घेतली. मोबाईल स्टार्टर उद्या बसवतोय. पोराला आठ दिवस मी गाडीवर रस्त्याने सोडतोय, तोवर दोन माणसं लावून नाल्यातली घाणेरी आणि बेशरमची झुडपं काढून घेतो.

काल रात्री साडेदहाला तो आवाज ऐकला. फुर्रर्र फुर्रर्र, अगदी वनरक्षक काकांनी इथे सांगितला तसाच. आम्ही सगळे घरात, दिवा लावून बसलो. मायने दारातून परात वाजवली दोन-चारदा, आवाज थांबला आणि मग काटक्या मोडत नाल्याकडे गेला.

एक विचारायचं राहिलं, बोरीचं झाड तोडून टाकू का? घरापासून वीस पावलांवर आहे.

जुना_वनरक्षक

तोडू नका. बोरं संपत आलीत, आता राहिलेली रोज संध्याकाळी झाडून घ्या, खाली एक ठेवू नका. पुढच्या वर्षी बोरं धरली की पहिल्या दिवसापासून हेच करा. आणि मायला सांगा परात वाजवली ते उत्तम केलं, पण गोठ्यात उजाडल्यावरच जायचं, आणि आधी दारातून आवाज द्यायचा.