आव, हगवण की रक्तभेदी?

मलप्रभाकाठ: खानापूर तालुक्यातल्या गावांसाठी शिगेलाबद्दलचं (रक्ताचे जुलाब करणारा जंतू) कन्नड पत्रक मराठीत करायचंय. 'आमशंके'ला 'हगवण' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून 'अतिसार' केलं. बरोबर कुठलं?

निपाणीकर: दोन्ही नाहीत. ते नुसते पातळ जुलाब. इथं थोडं थोडं, कुंथून, शेंब-रक्त पडतं, वर ताप. ही 'आव'. आव काय नि आमशंके काय, मूळ 'आम'च.

शुद्धलेखक: मग 'आमांश' लिहा की.

चिकोडीवाला: आमांश गावात कोण म्हणतंय? आमच्याकडं सरळ 'रक्तभेदी' म्हणूलालेत.

शुद्धलेखक: 'भेदी' कानडी. मराठी पत्रकात नको.

निपाणीकर: चरकाच्या संस्कृत ग्रंथातली 'भेदनीय' औषधंही कानडीच म्हणायची का?

सूक्ष्मदर्शी: नुसतं 'आव' लिहिलंत तर लोक अमिबाची समजून त्यावरची मेट्रोनिडाझोलची गोळी घेतील. शिगेलावर ती चालत नाही. हा जंतू वेगळा, १८९७ साली जपानमध्ये कियोशी शिगांनी शोधलेला. रक्त पडत असताना जुलाब बांधणारी गोळीही नको, जंतू आत कोंडतात. ओआरएस सुरू करून डॉक्टर गाठायचा. आणि 'दूषित पाण्यामुळे' एवढंच छापू नका. कॉलऱ्याला लाखो जंतू लागतात, याला १० ते १०० पुरतात, म्हणजे हातावरून सहज जातो. शौचानंतर, बाळाचं धुतल्यावर, भाकरी थापण्याआधी २० सेकंद साबण. जुलाब थांबल्यावरही निदान ४८ तास त्या माणसानं दुसऱ्यांसाठी रांधू नये.

चिकोडीवाला: विहिरीचं काय?

सूक्ष्मदर्शी: हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, ७० ग्रॅम. बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. पावडरीतला चुना तळाला बसला की निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा, दोरानं वरखाली ढवळा. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. तासाभरानं क्लोरीन तपासा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरला नसेल तर पुन्हा घाला. उघड्या पोत्यातली पावडर मेलेली असते, मोजून घालूनही फुकट.

शुद्धलेखक: वरचं पाणी ती 'निवळ'. 'निवळी' हे बी, गढूळ पाण्यात उगाळून घालतात ते.

निपाणीकर: आमच्याकडं चुन्याची निवळीच म्हणतात.

सूक्ष्मदर्शी: ते बी गाळ बसवतं, जंतू मारत नाही. पण पाणी गढूळ असेल तर गाळ आधी बसवाच, नाहीतर तोच क्लोरीन खातो.

शुद्धलेखक: म्हणजे 'निवळ'च.