मदत हवी आहे : काचबिंदूसाठी गिंको बिलोबा घ्यावे का?

नमस्कार. माझ्या आईला सामान्य दाबाचा काचबिंदू आहे. म्हणजे डोळ्यातील दाब मर्यादेतच राहतो, तरीही ज्या चेतापेशींच्या तंतूंची मिळून डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता बनते, त्या पेशी हळूहळू मरत जातात. डोळ्यातील दाब कमी करणारे लॅटानोप्रोस्टचे थेंब ती रोज रात्री नेमाने घालते, तरी ताज्या दृष्टिक्षेत्र तपासणीत डाव्या डोळ्याच्या वरच्या भागातील काळा डाग थोडा पसरलेला दिसला.

परिचितांनी गिंको बिलोबाच्या (त्या नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या सुचवल्या आहेत. वाचल्यावर कळले की २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील प्रयोगात २७ रुग्णांना ४० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, चार आठवडे दिल्यावर दृष्टिक्षेत्र सुधारले होते. मात्र २०१४ साली चिनी रुग्णांवरील तशाच प्रयोगात फरक आढळला नाही. हळदीतील कर्क्युमिनचे लंडनमधील संशोधन थेंबांच्या स्वरूपातील आणि प्रयोगशाळेतील उंदरांवरचे आहे, त्यामुळे हळदीच्या दुधावर (आईचा त्यावर फार विश्वास!) मी भिस्त ठेवलेली नाही.

खरी अडचण अशी की आई हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेते आणि त्यात गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका आणखी वाढू शकतो. आपल्यापैकी कोणाच्या नेत्रतज्ज्ञांनी ॲस्पिरिन चालू असताना गिंको दिले आहे का, आणि दिले असल्यास कोणती काळजी घ्यायला सांगितली? पुढील भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हेही जाणकारांनी कृपया सुचवावे. त्यांना विचारल्याशिवाय गोळ्या सुरू करणार नाही.