मदत हवी आहे : गाणं कंपनीला देऊन टाकावं की स्वतःकडे ठेवावं?

पंचगंगेकाठी

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, लिहितोय पहिल्यांदाच, सांभाळून घ्या.

इचलकरंजीत राहतो. विशारद झालंय. घरी गायन आणि पेटीच्या शिकवण्या घेतो. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट या दिवसांत सुपाऱ्या असतात, बाकी वर्ष शिकवण्यांवर निघतं. स्वतःच्या चाली बांधून त्या नेटवर टाकायचा नाद आहे.

गेल्या पावसाळ्यात एक गाणं केलं. शब्द मिरजेच्या एका शिक्षक मित्राचे, चाल माझी, गायलोय मीच. गिटार आणि तालाचा ट्रॅक कोल्हापुरातल्या एका अ‍ॅरेंजरकडून करून घेतला, त्याचे ठरलेले पैसे दिले. आवाज घरीच रेकॉर्ड केला. आमच्या गल्लीत तिन्ही अंगांना यंत्रमाग आहेत, दिवसरात्र खटखट. लाईट गेली की माग थांबतात आणि माझं काम सुरू होतं. लॅपटॉपची बॅटरी टिकेल तेवढं गाऊन घ्यायचं. शेवटच्या कडव्यात लाईट आली. हेडफोन लावून ऐकलंत तर शेवटच्या ओळीमागे शेजारचा पहिला माग सुरू झालेला कळतो. अ‍ॅरेंजर म्हणाला काढून टाकू, मी म्हटलं राहू दे.

हे गाणं लोकांनी पावसाच्या रीलना लावायला सुरुवात केली. गंमत अशी की कुणीतरी माझ्या व्हिडिओतला तुकडा उचलून 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून टाकलाय आणि सगळी रीळं त्याच्यावर बनताहेत. तिथे नाव त्या माणसाचं. गाणं माझं आहे हे आमच्या गल्लीलाच ठाऊक.

आता मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा फोन आलाय. ३५ हजार एकरकमी देतो म्हणतात. करार पाठवलाय त्यात शब्द, चाल, रेकॉर्डिंग सगळं 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांसाठी' त्यांचं होणार, मी माझ्या चॅनेलवरून व्हिडिओ काढायचा आणि पुढची गाणी आधी त्यांना दाखवायची, असं आहे. वडील म्हणतात घे, गाण्याचे एवढे पैसे आपल्या घरात आजवर कुणी दिले नाहीत. त्यांचंही खोटं नाही.

तर सही करावी का? नाही केली तर या गाण्यातून मला दुसऱ्या कुठल्या वाटेने पैसे मिळतील? आणि मुळात कंपनीशिवाय, गावात राहून, स्वतःच्या गाण्यांवर पोट भरतं का हो कुणाचं? जाणकारांनी स्पष्ट सांगावं, वाईट वाटणार नाही.

ठाणेकर_काका

अभिनंदन आधी! लिंक द्या की.

दादरची_वकीलीण

सही करू नका. निदान या मसुद्यावर तरी नाही.

मी याच विषयात काम करते, पण हा सल्ला कट्ट्यावरचा समजा, पूर्ण करार मी वाचलेला नाही. तुमच्या एका गाण्यात तीन वेगळे हक्क आहेत : शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. शब्द मित्राचे असतील तर ते तुम्ही विकूच शकत नाही, तिथे त्याचीच सही लागेल. रेकॉर्डिंगचा हक्क कायद्याने त्याचा, ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवून घेतलं. ते तुम्ही. पण अ‍ॅरेंजरकडून 'ठरलेला मोबदला मिळाला, ट्रॅकवर माझा दावा नाही' असं लिहून घेतलंय का? नसेल तर हा धागा वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. गाणं चाललं की माणसांची स्मरणशक्ती बदलते.

कायद्यात तुमच्या बाजूने बरंच काही आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी किल्ला लढवला होता. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. म्हणजे उद्या तुम्ही सही केलीत तरी तो वाटा तुमचाच. तो वसूल करून देणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. १९६९पासून आहे, २०१७ला तिची नव्याने नोंदणी झाली. तुम्ही संगीतकार म्हणून आणि तुमचे मित्र गीतकार म्हणून, दोघांनी वेगवेगळे सभासद व्हा आणि गाणं दोघांच्या वाट्यासकट नोंदवा. एफएम केंद्रांनी गीतकार-संगीतकारांना पैसे द्यायचे की नाहीत हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता, २०२३मध्ये निकाल लेखक-संगीतकारांच्या बाजूने लागला. तेव्हा हा हक्क नुसता कागदावरचा नाही.

पण रेकॉर्डिंगचं काय? तिथे हे संरक्षण नाही. ते एकदा दिलंत की गेलं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच त्यांनी 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द घातलेत. ते शब्द तिथे चुकून आलेले नाहीत. रेकॉर्डिंगवरचा हक्क ६० वर्षं चालतो. ३५ हजार भागिले ६० करून वडिलांना दाखवा.

मंद्र_सप्तक

वकीलीणबाईंशी सहमत. मी पुण्यात साउंडचं काम करतो, रेकॉर्डिंग आणि लाइव्ह दोन्ही, त्यामुळे बाजूने बघितलेलं सांगतो.

आधी ते रीलचं निस्तरा. गाणं तुम्ही फक्त यूट्यूबवर टाकलंय असं दिसतंय. इन्स्टाग्रामच्या गाण्यांच्या यादीत यायला ते डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी सगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, जावं लागतं. डिस्ट्रोकिड दर वर्षी वर्गणी घेतो आणि वर्गणी थांबली की गाणी उतरवतो, वेगळे पैसे भरून ती कायम ठेवायची सोय आहे. सीडी बेबी प्रत्येक गाण्याला एकदाच पैसे घेऊन पुढे उत्पन्नातून ९ टक्के कापतो. राउटनोटच्या फुकट योजनेत सुरुवातीला काही नाही, पण १५ टक्के त्यांचे. वर्षाला एक-दोन गाणी करणाऱ्याने वार्षिक वर्गणीच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. तिथून गाणं गेलं की त्याला आयएसआरसी नंबर मिळतो, तो रेकॉर्डिंगचा आधार नंबर समजा, जपून ठेवा. मग त्या उचलेगिरीच्या ऑडिओवर दावा लावता येतो.

फॉर्म भरताना भाषा 'मराठी'च निवडा. कित्येक जण 'हिंदी' ठेवून देतात आणि मग मराठी प्लेलिस्टमध्ये का येत नाही म्हणून रडतात. रोमन लिपीत नावाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि जन्मभर तेच ठेवा, नाहीतर तुमच्याच नावाच्या कुणा नाशिकच्या डीजेच्या पानावर तुमचं गाणं जाऊन बसेल. हे मी होताना पाहिलंय. स्पॉटिफायवर तिथल्या संपादकांकडे गाणं पाठवायची सोय आहे, पण ते प्रदर्शनाच्या निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं. सकाळी मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) हातात आला आणि संध्याकाळी टाकून दिलं, असं करू नका.

आता पैशाचं. ऐकून घ्या. स्पॉटिफायवर गेल्या १२ महिन्यांत एखादं गाणं १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत, २०२४पासून हा नियम आहे. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज) असावं लागतं. ते झाल्यावरही १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. रीलवर गाणं गाजलं म्हणजे घर चाललं असं अजिबात नाही. यातून दर महिन्याला भरवशाचं उत्पन्न मिळणारा एकही मराठी भावगीतवाला माझ्या ओळखीत नाही. रॅपवाल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांचा प्रेक्षक तरुण आहे आणि दिवसभर हेडफोन लावून बसतो. पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन सगळ्या देशाला माहीत झाला तो आधी नेटवरच.

माझ्याकडे येणाऱ्या कलाकारांचं घर चालतं ते कार्यक्रमांवर आणि शिकवण्यांवर. नेटवरच्या गाण्याने त्यांचा भाव वाढतो, एवढंच. पण ते 'एवढंच' लहान नाही. 'ते पावसाचं गाणं वाला' म्हणून बोलावणं आलं की बिदागी तुम्ही सांगता, आयोजक सांगत नाही. आता मला सांगा, गाणं कंपनीच्या चॅनेलवर, त्यांच्या नावाने असेल तर ते बोलावणं कुणाकडे जाईल?

लॉगिन_विसरलो

+१ मंद्र. कराराचं मला फार कळत नाही, पण पुढची गाणी आधी त्यांना दाखवायची ही अट सगळ्यात वाईट वाटली. ३५ हजारांत पुढच्या गाण्यांचाही लगाम.

ठाणेकर_काका

मी जरा उलट बोलू का? सगळे 'देऊ नको' म्हणताय ते ठीक आहे, पण गाणं पुढच्या पावसाळ्यात कुणी ऐकेल याची हमी कोण देतो? रीलचं आयुष्य किती! या मुलाला आज चांगला माइक घ्यायचा असेल तर ३५ हजार म्हणजे माइक अधिक इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचं यंत्र). नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही न म्हणता काहीतरी मधलं मागावं.

दादरची_वकीलीण

काका, मुद्दा बरोबर आहे आणि मधला मार्ग आहे. विकायच्या ऐवजी वापराचा परवाना द्यायचा. तीन वर्षं, फक्त रेकॉर्डिंगचा, तुमच्या चॅनेलवरचा व्हिडिओ तसाच राहणार, उत्पन्नात टक्केवारी, आणि थोडी आगाऊ रक्कम. पुढच्या गाण्यांचं कलम पूर्ण काढायचं. कंपनीला गाणं खरंच आवडलं असेल तर ती बोलेल. नुसतीच स्वस्तात माल भरत असेल तर दुसऱ्या दिवसापासून फोन बंद होईल, तेही कळलेलं बरं.

न्यूजर्सीकर

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रम समितीत काही वर्षं होतो म्हणून लिहितो. आम्ही कलाकार शोधतो ते यूट्यूबवरच. गाणं ऐकतो आणि लगेच पाहतो की बैठकीतलं, विनाकापलेलं, दोन तास तग धरेल असं काही आहे का. ते नव्वद टक्के चॅनेलवर नसतं, सगळे तीन मिनिटांचे चकाचक व्हिडिओ. एखादी घरगुती मैफल एका कॅमेऱ्याने सलग टिपून टाका, आयोजकाला तेच हवं असतं.

मात्र कुणी 'व्हिजिटर व्हिसावर या, मानधन रोख देतो' म्हणालं तर नाही म्हणा. इथे पैसे घेऊन गायला पी-३ सारखा कलाकारांचा व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज आयोजकांनी करायचा असतो.

त्याआधीचा सोपा मार्ग म्हणजे ऑनलाइन शिकवण्या. आमच्याकडे शनिवारी सकाळचे नऊ म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. आमच्या मुलांना मराठी गाणी मराठीतून शिकवणारं कुणी हवंच असतं. फक्त तुमच्या यंत्रमागांचं बघा बुवा!

यूट्यूबचे पैसे सुरू झाले की तिथला अमेरिकी कराचा फॉर्म न चुकता भरा. पॅन टाकलं आणि भारताशी असलेल्या कराराचा लाभ मागितला की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर १५ टक्के कापतात. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते.

पंचगंगेकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अ‍ॅरेंजरदादांशी बोललो, ते लगेच लिहून द्यायला तयार झाले, वर हसले. मित्र आयपीआरएसचा अर्ज भरतोय.

एक उपप्रश्न. पुढे अभंग आणि जुन्या कविता करायचा विचार आहे. तुकोबांना तर कुणाची परवानगी लागत नाही ना? शिवाय कुसुमाग्रज आणि बहिणाबाई डोक्यात आहेत.

दादरची_वकीलीण

तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. चाल मात्र बघून घ्या. तुम्ही लहानपणापासून ऐकलेली चाल 'पारंपरिक' आहे असं वाटतं आणि ती निघते श्रीनिवास खळ्यांची किंवा राम फाटकांची. खळेकाका २०११ला गेले. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत सुरक्षित. स्वतःची चाल बांधा, नाहीतर भजनी मंडळातली खरोखरची जुनी घ्या. जुन्या चालीवरही यूट्यूबचं यंत्र एखाद्या कंपनीच्या रेकॉर्डिंगशी जुळवून दावा लावू शकतं. घाबरू नका, हरकत नोंदवा. पाच दिवसांच्या आत नोंदवलीत तर दावा लागल्याच्या पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला राखून ठेवतात. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात.

बहिणाबाई १९५१ला गेल्या, गाणी त्यानंतर छापली गेली, तरी मुदत आता संपलेली आहे. बालकवी, भा. रा. तांबे, मर्ढेकर हेही मोकळे. कुसुमाग्रज १९९९ला गेले, त्यांना २०५९ संपेपर्यंत हक्कदारांची लेखी परवानगी लागेल. सुरेश भटांनाही तसंच, ते २००३ला गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत. तोंडी 'हो, करा की' चालत नाही.

मंद्र_सप्तक

मर्ढेकरांना चाल लावणार असाल तर मला आधी ऐकवा. फी नको.

पंचगंगेकाठी

कंपनीला परवान्याचा प्रस्ताव मेलने पाठवला : तीन वर्षं, टक्केवारी, व्हिडिओ माझ्याकडे. उत्तर आलं की आमच्याकडे असं करत नाहीत, पण रक्कम ५० हजार करतो. वडिलांना काकांचं आणि ताईंचं दोघांचंही वाचून दाखवलं. ते म्हणाले, एका मेलमध्ये १५ हजार वाढले तर माल बरा दिसतोय, थांब.

तर थांबलोय. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे दिलंय, भाषा मराठी. न्यूजर्सीकर, शिकवणीच्या वेळेचं व्यनि (खासगी निरोप) करतो. आमच्याकडे संध्याकाळी सातला बऱ्याचदा लाईट जाते, त्यामुळे मागांची चिंता नाही, वायफायची आहे.

दादरची_वकीलीण

छान. आता त्यांनी 'आधी टोकन घ्या, कागद नंतर करू' म्हटलं तर खात्याचा नंबर देऊ नका. लेखी आणि सही केलेलं नसेल तर हक्क दिला असं होत नाही, पण पैसे घेतलेत की भांडण सुरू होतं. आणि हो, काकांनी पहिल्याच दिवशी लिंक मागितली होती, ती अजून कुणालाच मिळालेली नाही.