अंड्यांच्या आकड्यावरून यकृताचा धोका ठरतो का?

धागाकर्ता: विष्ठेत शिस्टोसोमा मॅन्सोनी या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीची अंडी किती सापडली, एवढ्यावरून यकृताला धोका कुणाला हे ठरवणं मला पटत नाही. काटो-कॅट्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा काचेवर घेऊन दिसलेली अंडी २४ ने गुणतात. ग्रॅममागे ४०० किंवा जास्त म्हणजे तीव्र संसर्ग. हा आकडा साधारण शाळकरी वयात सर्वांत जास्त असतो. फायब्रोसिस (यकृतात तंतू साठणं) दिसतो त्यानंतर ५ ते १५ वर्षांनी, म्हणजे अंडी कमी झालेल्या मोठ्या माणसांत. विचारायचं तर हे विचारा: पाण्यात वावर किती वर्षं, आणि औषधाच्या फेऱ्या किती चुकल्या?

सूक्ष्मदर्शी: असहमत. अंडी नाहीत तर फायब्रोसिसही नाही. पोर्टल शिरेच्या (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) बारीक फांद्यांत अडकलेल्या अंड्याभोवती ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाची गाठ होते, तीच पुढे तंतूंनी भरते. चूक मोजणीची नाही, एका काचेवर भागवण्याची आहे. अंडी विष्ठेत सारखी पसरलेली नसतात, रोज सारखी पडतही नाहीत. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने, प्रत्येकाच्या दोन काचा घ्या. तुमची 'वर्षं' म्हणजे शेवटी अंड्यांचीच बेरीज.

धागाकर्ता: बेरीज मान्य. पण सारखाच संसर्ग असून एकाचं यकृत बिघडतं, दुसऱ्याचं नाही. सुदानमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात गंभीर फायब्रोसिसचा संबंध सहाव्या गुणसूत्रावर, इंटरफेरॉन-गॅमाच्या रिसेप्टर जनुकाजवळ सापडला. इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन तंतू रोखतं, तर इंटरल्यूकिन-१३ हे प्रथिन तंतू वाढवतं. काचेवर यातलं काय दिसणार?

सोनोवाला: दोघंही हेपटायटिस विसरलात. इजिप्तमध्ये १९५० ते १९८० च्या दशकांत याच रोगासाठी टार्टर एमेटिकची इंजेक्शनं दिली. सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपटायटिस सी पसरला. कृमीमुळे होणारा फायब्रोसिस शिरांभोवती असतो, पेशींचं काम बराच काळ चालू राहतं, रुग्ण येतो तो रक्ताची उलटी घेऊन. हेपटायटिस सी पेशीच खातो आणि सिरॉसिस करतो. दोन्ही एकत्र असले तर वेग वाढतो. म्हणून कृमीवर खापर फोडण्याआधी हेपटायटिस बी आणि सी तपासा, दारूचंही विचारा. सोनोग्राफीत नियामे पद्धतीचे (या रोगातलं यकृत ए ते एफ नमुन्यांत वाचायची ठरलेली पद्धत) सी ते एफ नमुने फायब्रोसिस म्हणून धरा. बी नमुन्यावर दोन तपासनिसांचं एकमत होईलच असं नाही.

सूक्ष्मदर्शी: त्यापेक्षा यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन का नको?

सोनोवाला: एकट्यावर नको. तंतू शिरांभोवती, मधलं मांस मऊ. पोर्टल दाब वाढलेला असूनही आकडा फारसा वाढलेला नसतो.

सूक्ष्मदर्शी: बरं. पण प्राझिक्वांटेल हे कृमीवरचं औषध कुणाला द्यायचं हे ठरवायला तरी मोजणी लागतेच.

धागाकर्ता: वस्तीसाठी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीप्रमाणे १० टक्के किंवा जास्त प्रादुर्भाव असेल तिथे २ वर्षांपुढच्या सगळ्यांना, मोठ्यांनाही, औषध द्यायचं. डोस किलोमागे ४० मिलिग्रॅम. कोवळ्या कृमी त्यातून वाचतात, म्हणून एका डोसवर विसंबू नका.

सोनोवाला: आणि एकट्या प्लीहेवरून निदान नको, ती मलेरियानेही वाढते. पोर्टल शिरेचा व्यास उंचीच्या हिशेबात बघा.