मदत हवी आहे: रविवारपर्यंत फुटबॉलपटूवर मराठीत भाषण (कृपया क्रिकेट सुचवू नका)

सांगलीची_सून | गुरुवार, रात्री ९:४२

रविवारी सकाळी दहाला मराठी शाळा आहे. लेकाला 'माझा आवडता खेळाडू' यावर बोलायचंय आणि त्याने नेमका फुटबॉलवाला निवडलाय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नवरा कामासाठी बाहेरगावी, फोन केला की म्हणतो मीटिंगमध्ये आहे. भाषण अर्धं झालंय, पण तो माणूस सगळं चांगलं चाललेलं असताना मध्येच का सोडून गेला, तिथे गाडी अडलीये. शिवाय बाईंनी बजावलंय की इंग्रजी शब्द कमीत कमी. प्रतिशब्द सुचवा. विकिपीडिया वाचून झालाय, तो इथे आणून चिकटवू नका. जरा घाई आहे.

बोका_ए_आझम | गुरुवार, रात्री ९:५०

मेस्सीने कुठे सोडलंय अजून?

सुलभा_ठाणे | गुरुवार, रात्री १०:०४

पदकंदुक म्हणा. गोल म्हणजे गोलच, त्याला मराठीत काही नाही. आमच्या नातवाचे बूट दोनदा उसवले, तेव्हापासून एक नंबर मोठेच घेते आणि पुढे कापूस घालते. वाढत्या वयात तेच बरं पडतं.

शून्य_प्रहर | गुरुवार, रात्री १०:११

ताई, मुलाचं वय? किती मिनिटं बोलायचं? खेळाडू कोण? यातलं एकही न सांगता 'घाई आहे' म्हणताय.

सांगलीची_सून | गुरुवार, रात्री १०:३०

अहो अमेरिकन फुटबॉल! आम्ही डिट्रॉइटजवळ राहतो, इथे फुटबॉल म्हणजे तोच. नाव लिहायचं राहिलं. बॅरी सँडर्स. रनिंग बॅक होता म्हणे. लेक ११ वर्षांचा, तीन मिनिटं. त्याने स्वतः हा खेळाडू कधी पाहिलेला नाही, शेजारचे आजोबा जुन्या चित्रफिती दाखवतात.

मोटारनगरीकर | गुरुवार, रात्री ११:१५

आधी सांगायचं ना! मी १९९६ पासून इथे आहे, बॅरीला डोळ्यांनी पळताना पाहिलंय. घ्या लिहून.

कॅन्ससमधल्या विचिटाचा मुलगा, जन्म १९६८. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे या खेळात बुटकाच. कॉलेजात आधी थर्मन थॉमसच्या हाताखाली राखीव. थॉमस गेला आणि १९८८च्या एका हंगामात याने ११ सामन्यांत चेंडू घेऊन पळत २,६२८ यार्ड काढले. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याला जाहीर झाली तेव्हा गडी टोकियोत सामना खेळायला गेला होता. १९८९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत डिट्रॉइट लायन्स संघाने तिसऱ्या क्रमांकावर निवडला. दहा हंगाम खेळला आणि दहाही हंगामांत हजाराच्या वर यार्ड. एकूण १५,२६९.

ताईंना यार्डाने काही बोध होणार नाही म्हणून हिशोब करून सांगतो. जवळजवळ १४ किलोमीटर. सांगलीहून निघून मिरज ओलांडून पुढे, आणि तेही दर चार-पाच पावलांवर शंभर-सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येत असताना.

डॅलसचा_देशमुख | गुरुवार, रात्री ११:४०

आकडे द्यायचेच तर पूर्ण द्या की. एमिट स्मिथ, १८,३५५ यार्ड. विक्रम त्याचा आहे. पंधरा हंगाम खेळला, तीन सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढती, जिंकला. सँडर्स पळायचा सुंदर, नाही कोण म्हणतं? पण तीन यार्ड मिळत असताना तीस मिळतील म्हणून मागे पळायचा आणि दोन गमावून बसायचा. १९९४चा ग्रीन बे संघाविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा सामना) आठवा: १३ वेळा चेंडू हातात, एकूण यार्ड उणे एक. उणे!

मोटारनगरीकर | गुरुवार, रात्री ११:५२

आला का डॅलसवाला. एमिटच्या पुढे कसली भिंत चालायची ते पण लिहा. बॅरीपुढे कोण होतं? ग्रीन बेच्या त्या दिवशी तो चेंडू घेऊन मान वर करतोय तोवर तिघे त्याच्या अंगावर असायचे. आणि १९९२च्या जानेवारीत तुमच्याच डॅलसला आम्ही ३८-६ ने धुतलं होतं, ते विसरलात वाटतं.

डॅलसचा_देशमुख | गुरुवार, रात्री ११:५५

'आम्ही'? तुम्ही तर १९९६ ला आलात.

शून्य_प्रहर | शुक्रवार, सकाळी ७:२०

दोघेही थांबा. अकरा वर्षांच्या पोराचं तीन मिनिटांचं भाषण आहे. ताई, रनिंग बॅक म्हणजे काय हे वर्गातल्या मुलांना माहीत आहे का? नसेल तर सुरुवात तिथून करावी लागेल. आणि त्याने आतापर्यंत काय लिहिलंय ते इथे टाका ना.

सांगलीची_सून | शुक्रवार, सकाळी ८:०५

मुलांना माहीत असतं, बाईंना नाही. बाई पुण्याच्या, मागच्या वर्षीच आल्यात.

त्याचं लिखाण जसंच्या तसं देते, हसू नका: 'बॅरी सँडर्स खूप पळत होता. त्याला कोणी पकडू शकत नव्हता. टचडाउन केल्यावर बाकीचे लोक नाचतात. बॅरी नाचत नव्हता. तो बॉल पंचांच्या हातात द्यायचा. माझी आई म्हणते वस्तू जागेवर ठेव. बॅरी ठेवायचा.' एवढंच झालंय. पुढे 'मग तो गेला' असं लिहून बसलाय.

सुलभा_ठाणे | शुक्रवार, सकाळी ८:३०

अगं किती गोड! दृष्ट काढ त्याची.

मैदानी_आजोबा | शुक्रवार, सकाळी ९:१०

मी इस्लामपूरचा, तरुणपणी मातीतली कबड्डी खेळलोय. नातवाने यूट्यूबवर या सँडर्सची चित्रफीत लावून दिली. सूनबाई, शब्दांसाठी रडताय कशाला? सगळे शब्द आपल्याकडे आहेत. तो करतो ती चढाई. समोरच्याला खांदा एकीकडे दाखवून पाय दुसरीकडे टाकतो ती हुलकावणी. त्याला अडवतात ती पकड. चौघे मिळून घेरतात ती साखळी. फरक इतकाच की आपल्याकडे दम लागतो, तिथे चेंडू बगलेत धरायचा.

एका ठिकाणी तो दोघांच्या मधे अडकला, एका पायावर गर्रकन फिरला आणि ते दोघे एकमेकांवर आपटले. मी खुर्चीतून उठलो. आमच्या वेळी असा एक जण होता, त्याला आम्ही साबण म्हणायचो.

भाषाशुद्धी | शुक्रवार, सकाळी ९:४५

चढाई हा शब्द कबड्डीचा आहे. रनिंग बॅकला 'धावक' म्हणावे. टचडाउनला 'भूस्पर्श'.

बोका_ए_आझम | शुक्रवार, सकाळी ९:४८

भूस्पर्श! पोराला वर्गात तोंड दाखवायला जागा ठेवा की हो.

मोटारनगरीकर | शुक्रवार, सकाळी १०:३०

आजोबांना शंभर पैकी शंभर. रनिंग बॅक, टचडाउन आणि यार्ड हे तीन शब्द तसेच ठेवा, बाकी सगळं आजोबांचं घ्या. बाईंसाठी एवढं पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. क्वार्टरबॅक एकतर चेंडू फेकतो, नाहीतर रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढचे धिप्पाड गडी रेटारेटी करून फट पाडतात आणि हा त्यातून घुसतो. समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू घेऊन पोचला की टचडाउन. बॅरीला दर वेळी सरासरी पाच यार्ड मिळायचे. दोनदा चेंडू द्या, दहा झाले.

आरोग्यम्_धनसंपदा | शुक्रवार, सकाळी ११:०२

मुलाला या खेळापासून लांब ठेवा असं कळकळीने सांगते. डोक्याला वारंवार मार बसून मेंदूवर परिणाम होतात. पोहायला घाला. पोहण्यासारखा व्यायाम नाही.

सांगलीची_सून | शुक्रवार, सकाळी ११:२०

तो खेळत नाही हो! भाषण करतोय. आणि पोहायला जातो.

माझा मूळ प्रश्न तसाच आहे. का सोडलं? दुखापत झाली होती का?

जुनाजाणता | शुक्रवार, दुपारी १२:१५

खेळाडूने वेळेवर थांबावं. आमचे विजय मर्चंट बघा. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ केले आणि कसोटीला रामराम ठोकला. याला म्हणतात निवृत्ती.

शून्य_प्रहर | शुक्रवार, दुपारी १२:२२

मर्चंट यांचा त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला होता. आणि शीर्षकात क्रिकेट नको असं लिहिलंय.

मोटारनगरीकर | शुक्रवार, रात्री ८:४०

ऑफिसात टाइप करता आलं नाही. ताई, दुखापत नाही. ३१ वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती, गुडघे शाबूत. वॉल्टर पेटनचा सर्वाधिक यार्डांचा तेव्हाचा १६,७२६चा विक्रम फक्त १,४५७ यार्डांवर. त्याच्या मागच्याच हंगामात त्याने १,४९१ काढले होते, म्हणजे एका वर्षाचं काम. १९९९च्या जुलैत, सराव शिबिर तोंडावर असताना, विचिटाच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स गेला. पत्रकार परिषद नाही, हारतुरे नाहीत.

फॅक्समध्ये त्याने जे म्हटलं त्याचा मतलब असा, की राहण्याच्या इच्छेपेक्षा जाण्याची इच्छा मोठी झालीये. पुढे आत्मचरित्रात खरं कारण मांडलं: संघ जिंकण्यासाठी धडपडतोय असं त्याला वाटेनासं झालं होतं. दहा वर्षांत प्लेऑफचा एकच सामना जिंकला, तो डॅलसवाला. शेवटच्या वर्षी ५ विजय, ११ पराभव. काही जण म्हणतात पेटनच्या आदरापोटी विक्रम सोडला. ऐकायला छान वाटतं, पण पुस्तकातलं कारण हरण्याचं आहे. विक्रमाची हाव मात्र त्याला पहिल्यापासून नव्हती. १९८९ला, पहिल्याच वर्षी, शेवटच्या सामन्यात आणखी थोडं पळाला असता तर सगळ्यांत जास्त यार्ड त्याचे झाले असते. सामना हातात आला होता, हा बाकावरून उठलाच नाही. १,४७० वर थांबला. पहिला आला ख्रिश्चन ओकोये, १,४८०.

आणि एक माझं मत, कुठे लिहिलेलं नाही. २१ डिसेंबर १९९७ला मी पॉन्टिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये, म्हणजे लायन्सच्या तेव्हाच्या मैदानात होतो, अगदी वरच्या रांगेत, त्या हवेवर फुगवलेल्या छपराच्या खाली. त्या दिवशी बॅरीने हंगामातले २,००० यार्ड ओलांडले. त्याच सामन्यात आमचा रेजी ब्राउन पकड करताना पडला आणि हललाच नाही. मैदानावर तोंडाने श्वास देत होते. एवढं भरलेलं स्टेडियम, आणि माझ्या मागच्या माणसाच्या हातातली शेंगदाण्याची पुडी चुरगळल्याचा आवाज मला आला. ब्राउन वाचला, चालायला लागला, पण पुन्हा खेळला नाही. त्याआधी १९९१ मध्ये आमचाच माइक अटली त्याच मैदानावर छातीपासून खाली लुळा झाला होता. आपल्याच संघातली माणसं अशी पडताना बघून कोणाचं मन उडणार नाही?

डॅलसचा_देशमुख | शुक्रवार, रात्री ९:१५

हे मान्य. पण दुसरी बाजूही पोराला कळू दे. १९९७ मध्ये नवा करार केला, १ कोटी १० लाख डॉलर बोनस घेतला आणि दोन हंगामांत निघून गेला. संघाने मागितल्यावर निम्मा परत करावा लागला. ऐन शिबिराच्या तोंडावर गेला, त्या जागी दुसरा शोधायला वेळही नाही मिळाला. फेब्रुवारीत सांगायला काय झालं होतं?

मोटारनगरीकर | शुक्रवार, रात्री ९:३२

फेब्रुवारीत सांगायला हवं होतं, हे मीही तेव्हा म्हणालो होतो. वर्षभर त्याचं नाव काढलं नाही घरात. बायकोने त्याच्या २० नंबरच्या जर्सीने गाडी पुसली. मग २०२३ मध्ये लायन्सच्या आताच्या मैदानाबाहेर, फोर्ड फील्डबाहेर, त्याचा पुतळा बसवला तेव्हा मीच मुलांना घेऊन फोटो काढायला गेलो.

आरोग्यम्_धनसंपदा | शुक्रवार, रात्री ९:४०

बघा, लुळा झाला म्हणताय. हेच मी सकाळी सांगत होते.

मैदानी_आजोबा | शनिवार, सकाळी ६:१०

चांगला चढाईपटू रिकाम्या हाताने परत यायला लाजत नाही. मला त्याचं पटलं.

सांगलीची_सून | रविवार, दुपारी १:३०

झालं एकदाचं! सगळ्यांचे मनापासून आभार. चढाई, हुलकावणी, साखळी सगळं घेतलं. साखळी सांगताना त्याने तीन मुलांना पुढे बोलावून हात धरून उभं केलं आणि स्वतः त्यांच्यातून निसटून दाखवलं, बाकाचा कोपरा लागून गुडघ्याला खरचटलं. सांगली-मिरज पण घेतलं, ते फक्त मला आणि बाईंना कळलं. 'का सोडलं' तिथे मी मोठा परिच्छेद लिहून दिला होता, तो त्याने गाळला आणि म्हणाला, 'त्याला जायचं होतं. त्याने फॅक्स केला.'

प्रश्नोत्तरांत पहिला हात वर: 'फॅक्स म्हणजे काय?' लेकाला सांगता येईना. मग बाईंनी फळ्यावर फोन काढला, त्यातून कागद बाहेर येताना काढला, तरी पोरं म्हणतात फोटो काढून का नाही पाठवला. उरलेला तास त्यातच गेला.

सुलभा_ठाणे | रविवार, दुपारी २:०५

आमच्या ऑफिसात होता फॅक्स. कागद उन्हात ठेवला की अक्षरं उडायची.

डॅलसचा_देशमुख | रविवार, दुपारी २:२०

अभिनंदन! एमिटबद्दल एक तरी वाक्य होतं का?

सांगलीची_सून | रविवार, दुपारी २:२४

होतं. 'एमिट स्मिथ पण होता.'