मदत हवी आहे: आईची सांधेदुखी झिजेची की आमवाताची?

नमस्कार मंडळी. आईचं वय ६२. काही महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं दुखतात. ‘वयाची झीज’ म्हणून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, पण माझं मन मानत नाही. मला आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते तो आजार) शंका येते.

सकाळी तिची मूठ वळत नाही. तासभर तरी बोटं आखडलेली राहतात आणि हात कामाला लागले की मोकळी होतात. झिजेत हा ताठरपणा बहुतेक वेळा अर्ध्या तासात जातो आणि वापराने दुखणं वाढतं. इथे नेमकं उलटं आहे.

गोंधळ असा, की नखांजवळच्या सांध्यांवर हाडासारख्या टणक गाठी आहेत, आणि त्या तर झिजेच्याच असतात. पण बोटांच्या मुळाशी असलेले सांधे मऊ सुजलेत, जरा दाबलं तरी ती कळवळते. दोन्ही आजार एकदम असू शकतात ना?

रक्ततपासणीत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा घटक) बराच वाढलाय. ईएसआरही (सूज दाखवणारी दुसरी तपासणी) थोडा जास्त आहे, पण तो वयानुसारही वाढतो. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह. तो निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो, म्हणून अँटी-सीसीपी (आमवातासाठीचीच दुसरी रक्ततपासणी) करून घ्यावी का? एक्स-रे नॉर्मल आहे, पण सुरुवातीला त्यात बदल दिसतीलच असं नाही. सांध्यांच्या सोनोग्राफीने आतली सूज कळते का? की आधी थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाततज्ज्ञांना) गाठावं?

आमवात असेल तर उशिराने सांधे कायमचे खराब होतात, याचीच धास्ती आहे. जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया लवकर सांगा.