लेझरने चष्मा घालवावा का? बहिणीचे आकडे देतोय, सांगा

पाऊलवाट
बहीण २४ वर्षांची. उजवा डोळा मायनस ५.५०, सिलिंडर (तिरकस नंबर) मायनस १.००. डावा मायनस ५.२५, सिलिंडर मायनस ०.७५. दोन वर्षांत नंबर हललेला नाही. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची) जाडी उजवीकडे ४९२ मायक्रॉन, डावीकडे ४९६. रोज दहा तास सॉफ्ट लेन्स, काम दिवसभर स्क्रीनवर. सेंटरवाले म्हणतात, "लॅसिक बसेल, याच आठवड्यात करून टाका." करावं का, आणि कोणतं?

घाटवाट
"बसेल" म्हणजे किती, ते आधी कागदावर मांडा. कॉर्नियाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे बहिणीचा मुळातच पातळ आहे. उजव्या डोळ्यात सिलिंडर धरून नंबर होतो ६.५० (तो मिळवायला बरेच जण विसरतात). लेझर ६.५ मिमी रुंद भागावर मारलं तर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन खरवडले जातात, म्हणजे ९१. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा थर कापून झाकणासारखा उघडतात, तो फ्लॅप. त्याचे ११० धरा, झाले २०१. खाली उरले २९१.

किमान मर्यादा २५० ची, म्हणून "बसेल" हे खोटं नाही. पण दुसरा निकषही बघायचा असतो: फ्लॅप आणि खरवड मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत हवी. इथे ती जवळपास ४१ टक्के भरते. फ्लॅप परत बसवला तरी तो पूर्वीसारखा भार घेत नाही. डोळ्यातला दाब खालच्या थरालाच पेलावा लागतो. तो थर कमजोर पडला तर कॉर्निया पुढे फुगत जातो, याला एक्टेसिया म्हणतात. मग क्रॉसलिंकिंग (थेंब आणि यूव्ही किरणांनी कॉर्निया कडक करणं) आणि कडक लेन्स मागे लागतात. चष्मा घालवायला जाऊन हे पदरात पडू नये.

या आकड्यांवर मी लॅसिकला नाही म्हणेन. पीआरके या दुसऱ्या लेझर पद्धतीत फ्लॅपच नसतो. वरचं सुमारे ५० मायक्रॉनचं आवरण काढतात, ते काही दिवसांत परत भरतं, आणि खाली ३५० मायक्रॉन शाबूत राहतात. मात्र तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी वाहतं, उजेड नको होतो. नजर नीट स्थिरावायला काही आठवडे लागतात. एवढ्या नंबराला नंतर धूसरपणा येऊ नये म्हणून ०.०२ टक्के मायटोमायसिन हे औषध काही सेकंद ठेवून धुऊन टाकतात. ते लावणार का, हे विचाराच. पुढचे काही महिने उन्हात यूव्ही गॉगल हवाच.

शेवंती
गणित बरोबर, पण त्याआधी नकाशा. ४९२ हा आकडा मध्यभागाचा आहे की सर्वांत पातळ जागेचा? पेंटाकॅमच्या (कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या यंत्राच्या) कागदावर दोन्ही छापलेले असतात आणि हिशेब पातळ जागेचाच धरायचा. कॉर्नियाच्या मागच्या बाजूचा नकाशाही बघायला मागा, कारण केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) सुरुवात पुष्कळदा तिथे आधी दिसते. खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उभार असेल, किंवा दोन डोळ्यांच्या नकाशांत बराच फरक असेल, तर कुठलंच लेझर नको. बहीण डोळे चोळते का? घरात कुणाला केराटोकोनस आहे का? हेही सांगा. आणि पेंटाकॅम लेन्स काढून किती दिवसांनी केला?

पाऊलवाट
लेन्स आदल्या रात्री काढली होती, सकाळी पेंटाकॅम केला. डोळे चोळते, हो. ॲलर्जी आहे.

शेवंती
मग तो रिपोर्ट धरू नका. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदलतो. त्यामुळे नसलेला दोष दिसू शकतो, असलेला झाकलाही जाऊ शकतो. सॉफ्ट लेन्स किमान दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा करा, नंबरही तेव्हाच परत काढा. आधी ॲलर्जीचे थेंब सुरू करून चोळणं थांबवायला हवं.

अश्रू पुरेसे आहेत का ते बघायला शिर्मर चाचणीही करून घ्या. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ती १० मिमीच्या वर भिजली तर ठीक, ५ च्या आत राहिली तर थांबा. लेझरने कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि अश्रू कमी होतात. बहुतेकांचं हे तीन ते सहा महिन्यांत सुधारतं, पण आधीच कोरड्या डोळ्यांना स्क्रीनसमोर फार जड जातं.

काजवा
दोन गोष्टी राहिल्या. बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या. एवढ्या नंबराला पडद्याच्या कडेला विरळ जागा किंवा छिद्र असू शकतं आणि लेझरने नंबर गेला तरी तो धोका तसाच राहतो. आणि लेझरआधी नव्याने केलेला पेंटाकॅम, नंबर, जाडी यांच्या प्रती आयुष्यभर जपा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचं माप काढायला त्या लागतात. शिवाय लेझरनंतर डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून काचबिंदू तपासताना डॉक्टरांना आधीच सांगायचं.

रात्री गाडी चालवत असेल तर सुरुवातीचे काही महिने समोरच्या गाडीच्या अप्पर लाइटभोवती वलयं दिसतात. चाळिशीला वाचायचा चष्मा लागणारच. विम्यावर भिस्त नको, ७.५ पेक्षा कमी नंबराचं लेझर आरोग्य विम्यात सहसा वगळलेलं असतं. नकाशा बिघडलेला निघाला तर आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) हा पर्याय आहे, त्यात कॉर्निया खरवडत नाहीत. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ ते ३ मिमी लागते. तो आकडाही पेंटाकॅमच्या त्याच कागदावर असतो.